उलटी जोडी

वैशाखातली भर दुपार. सांगलीच्या पेठेतल्या कोरड्या रस्त्यावरून एक माणूस चालत येतोय. चपला हातात, खाकी विजार गुडघ्यापर्यंत वर धरलेली. भांड्यांच्या दुकानापाशी तो ती आणखी चार बोटं वर घेतो, कापडवाल्याच्या ओट्यापाशी पार मांडीपर्यंत. पुढं चौकात रस्ता जरासा चढतो. तिथं तो विजार खाली सोडतो, एकेक पाय झटकतो, चपला घालतो आणि चारचौघांसारखा ऑफिसकडे वळतो.

त्या पाय झटकण्यानंच मला पहिल्या दिवशी घाबरवलं. मी वाकून रस्त्यावर शिंतोडे पडलेत का ते पाहिलं होतं.

आम्ही त्यांना नाना म्हणायचो. खरं नाव लिहीत नाही. एका कागदावर ते माझ्यामुळे नको तिथं राहून गेलं, तेवढं पुरे.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. मी बावीस वर्षांचा, एका सरकारी ऑफिसात नकाशे गिरवणारा ट्रेसर, तोही तात्पुरता. नाना तिथले जुने ड्राफ्ट्समन. मूळचे सातारा जिल्ह्यातले, कराडजवळच्या एका खेड्यातले. पलटणीत असताना विमानातून काढलेले फोटो वाचायला शिकले आणि पेन्शन घेऊन आमच्याकडे आले. पुरात कृष्णेचं पाणी शहरात कुठवर चढेल याचा नकाशा करायचं काम आमच्याकडे होतं. नदीकाठच्या एका गल्लीतली तीसेक घरं दर दोन-तीन वर्षांनी पाण्यात जायची. ती उचलून उंच जागी वसवायची होती. ती जागा आम्ही शोधून द्यायची. साधन म्हणजे विमानातून घेतलेल्या फोटोंचा एक गठ्ठा, आणि नाना.

काम असं चालायचं. एकाच जागेचे दोन फोटो, थोड्या अंतरावरून घेतलेले. ते शेजारी शेजारी मांडायचे, वर चार पायांचं दोन भिंगांचं यंत्र ठेवायचं, स्टिरिओस्कोप, आणि दोन्ही डोळ्यांनी खाली पाहायचं. आधी सगळं धूसर. मग अचानक कागद फुगतो. झाडं उभी राहतात, घरांना उंची येते, नदी खाली जाऊन बसते.

यंत्रात पाहताना नाना आवाज खाली आणायचे.

"हळू बोल रं. घाटावर बाया हायत."

घाटावर टाचणीच्या टोकाएवढे चार ठिपके होते. फोटो कितीतरी वर्षांपूर्वीचा. त्यातली एखादी बाई आता जगात नसेलही. पण नाना त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या बेतानंच बोलत, आणि मीही हळूहळू तसाच बोलायला लागलो.

"सावली कुठं पडलीय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. फोटो मांडताना झाडाघरांची सावली आपल्या अंगाकडे यायला हवी. उलट पडली तर डोळा फसतो, खोल जागा उंच वाटते. नियम फोटोपुरता, पण नानांनी तो माणसांनाही लावला होता. चहाच्या टपरीवर समोरच्याची सावली आपल्याकडे येईल अशी जागा धरून बसायचे. कुणी भेटायला आलं की आधी त्याला सरकवायचे. "जरा हिकडं व्हा. हां. आता दिसला तुमी." मग बोलायला सुरुवात.

पेठेतले लोक त्यांची टिंगल करत. कापडवाला ओट्यावरून ओरडायचा, "नाना, आज पानी किती?"

"तुमच्या तिसऱ्या पायरीला लागलंय."

कापडवाला पोट धरून हसायचा. पण पुढच्या पावसाळ्याआधी त्याचे तागे खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेले. मी विचारलं तर म्हणाला, "वाळवी लागत होती हो खाली." नाना ज्या वाटेनं विजार वर धरून चालत, ती वाट त्यांनी फोटोत पाहिली होती. बाजार, देऊळ, बोळ यांच्याखालून गेलेली एक सखल पन्हळ. तिथून चालताना त्यांना कोरडं राहताच येत नसे.

जेवणानंतर पंधरा मिनिटं ते आणखी एक गोष्ट करत. पुस्तकात ती चूक म्हणून दिलेली असते. डाव्या हाताचा फोटो उजवीकडे, उजवा डावीकडे. जोडी उलटी.

"बघ," एकदा मला म्हणाले. "पर घाबरू नगंस."

मी भिंगांवर डोळे टेकवले. कागद फुगला, पण उलटा. कृष्णा शहराच्या वर उभी होती. एखाद्या गडाच्या तटासारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या पायथ्याशी घरं नव्हती, घरांच्या आकाराचे खड्डे होते. देवळाचं शिखर जमिनीत घुसलं होतं, विहिरीसारखं. घाटावरच्या चार बायका चार बारीक भोकं झाल्या होत्या. मी डोळे काढले तरी काही वेळ खोलीतलं टेबल मला खोल वाटत राहिलं.

"खड्डा डोळ्याला कळत न्हाई गड्या," नाना म्हणाले. "भित्त लगीच कळती. पान्याची वाट बघायची असली तर तिला उभी करायची." मग फोटो पुन्हा जागच्या जागी ठेवत म्हणाले, "बघून झालं की सुलटी करायची. इसरायचं न्हाई. इसरला की गाव बुडालं."

एवढ्या वर्षांत ते विसरले फक्त एकदा.

त्या दुपारी गावाकडून निरोप आला. त्यांचा धाकटा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता. नाना भिंगांवरून उठले आणि तसेच एसटी स्टँडवर गेले. साहेबांना नव्या वस्तीच्या जागेचा नकाशा त्याच आठवड्यात हवा होता. मला बोलावून म्हणाले, "शिकवलंय ना तुला नानांनी? मग काढ तू."

मला केवढा अभिमान वाटला. नानांच्या खुर्चीत बसलो, मांडलेल्या जोडीवर डोळे टेकवले. शहराबाहेर उसाच्या रानात एक लांबलचक उंचवटा दिसला, धनुष्यासारखा वळलेला. जागा सापडली होती. त्याच्या एका टोकाला चौकोनी खड्डा होता, तिथं मी विहीर दाखवली. त्या जोडीत नदी नव्हती, गाव नव्हतं, नुसतं रान. शंका यावी असं काही नव्हतं. एक सावली सोडून, जी खड्ड्याच्या आत नव्हे, बाहेर पडली होती. ती मी पाहिली नाही.

तेरावा करून नाना परत आले. डोक्याचे केस काढलेले, चेहरा उतरलेला. मी नकाशा पुढं ठेवला. त्यांनी एक नजर टाकली.

"तुज्या हातची रेघ हाय. मग काय बघायचं?" म्हणाले, आणि सही केली.

महिन्याभरानं मी त्या जागी खुंट्या ठोकायला गेलो. विहीर सापडेना. जिथं असायला हवी तिथं एक कौलारू छप्पर होतं, खाली दोन म्हशी बांधलेल्या. मी शेतकऱ्याला विचारलं, "इथली विहीर बुजवली का?"

"हितं कवा हुती विहीर?" तो म्हणाला. "ह्ये छप्पर माज्या आज्यानं घातलंय."

मी नकाशाकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. छप्पर मला खड्डा दिसलं होतं. म्हणजे जोडी उलटी होती. म्हणजे मी उभा होतो तो उंचवटा नव्हता, कृष्णेचा जुना तळ होता. आजूबाजूच्या रानापेक्षा तिथला ऊस गर्द होता. वारा नव्हता, तरी शेंडे हलल्यासारखे वाटले, आणि ते माझ्या डोक्याच्या वर होते.

ऑफिसात येऊन मी काही बोललो नाही. मला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. कारण एवढंच. पुढं अनेक वर्षं मी दुसरं एखादं बरं कारण शोधलं. सापडलं नाही.

नारळ फुटला, पाहुणे आले, हार झाले. पाये खणायला सुरुवात झाली. नदीकाठच्या गल्लीतून तिथं आलेल्यांत तात्या होते, जुने नावाडी. घरात ते आणि त्यांची विधवा सून गोदाक्का. गोदाक्का सामान आणायला गेली होती तेव्हा तात्यांनी मला हाक मारली. त्यांच्या मुठीत ओले शिंपले होते.

"साहेब, चार हात खाली निघालं बघा. ही नदीची वस्तू. हितं कशी?"

"जुने असतील."

"जुनंच की. पर नदीचंच." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हितं पानी न्हाई न्हवं यायचं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग बरं. तुमच्या कागदाम्होरं आमची नाव काय करनार!" ते हसले आणि ते शिंपले माझ्या हातात ठेवले. वाटेत मी ते उसात फेकून दिले. पडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही.

घरं उभी राहिल्यावर नाना एकदा तिथं जाऊन आले. आल्या आल्या नकाशाची गुंडाळी उघडली. त्यांचं बोट उंचवट्यावरून सरकत विहिरीवर आलं आणि थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नकाशा उचलून सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मला साहेबांनी मागाहून बोलावलं.

"साहेब, ह्यो नकाशा चुकलाय," नाना सांगत होते. "माज्या हातनं चुकलाय. ती मानसं पान्यात बसवलीत आपन."

"नाना, सही तुमची आहे."

"माजीच हाय. म्हनून तर सांगतोय. लेव्हल घ्या, जाग्यावर उंची मोजा."

"उभ्या उसात लेव्हल कशी लावणार? आणि नारळ फुटलाय तिथं. आता काय सांगू वर, की नकाशा उलटा झाला?" साहेब माझ्याकडे वळले. "तू होतास ना तेव्हा? फोटो नीट लावलेले होते?"

पाठीमागच्या खिडकीतून ऊन येत होतं. माझी सावली नानांच्या पायापाशी पडली होती. नाना माझ्याकडे नाही, त्या सावलीकडे पाहत होते.

"हो साहेब," मी म्हणालो.

"झालं तर मग. नाना, चार दिवस रजा घ्या. रस्त्यानं विजार वर करून हिंडता, लोक मला विचारतात."

नानांनी रजा घेतली नाही. दर रविवारी ते नव्या वस्तीत जाऊ लागले. उसाच्या कडेपासून सुरुवात. चपला हातात, विजार मांडीपर्यंत. चार घरं ओलांडली की दोन्ही हात वर. गोदाक्काच्या दारात आले की पिशवी डोक्यावर, हनुवटी उचललेली, चवड्यांवर चाल. तसेच पुढं जात जात रस्त्यालगतच्या बाभळीपाशी पोचायचे. तिथं विजार सोडायचे आणि पाय झटकायचे. मागं पोरांची रांग.

"आवं नाना, भिजला का?" गोदाक्का विचारायची.

"भिजलो की पोरी. तुज्या दारात नाकापातुर हाय."

तिनंच मला नंतर सांगितलं, "हसू यायचं वो. पर त्या दिशी भाकरी गोड लागायची न्हाई."

वर्षभरानं नानांची बदली झाली. आटपाडीला. जिथं भर पावसाळ्यातही ओढे कोरडे असतात. "आता तिथं काढा म्हणावं पुराचा नकाशा," ऑफिसात सगळे हसले. मी कायम झालो होतो. मीही हसलो.

दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्या वर्षी पाणी आलं. सगळी वस्ती नदीच्या बाजूला बघत होती, आणि नदी लांब होती. पाणी आलं पाठीमागून, उसातून, आवाज न करता. सकाळची वेळ. सऱ्या भरल्या, वाट ओली झाली, म्हशींचे खूर दिसेनासे झाले.

"चुलीतली राख तरंगाया लागली," गोदाक्का सांगत होती. "जाळ न्हवता, काय न्हवतं, राख आपली वर आली आनि फिराया लागली. तवा मला नाना आठवला. बाभळीपशी विजार सोडायचा न्हवं त्यो? म्हटलं, चला समदी तिकडं."

सगळी वस्ती बाभळीपाशी गेली, पोरं, शेळ्या, ट्रंका घेऊन. पाणी बुंध्याच्या वीतभर अलीकडे थांबलं. तिथवरच.

तात्या घरातून हलले नाहीत. खाटेवर बसून राहिले. सुनेला म्हणाले, "हाफिसातल्या साहेबानं न्हाई म्हटलंय. मी जलमभर नाव हाकली, मला पान्याचं सांगू नगंस." दुसऱ्यांदा ती आत जायला निघाली तेव्हा लोकांनी तिला धरून ठेवलं. तात्या सापडले ते पाणी ओसरल्यावर.

हे सगळं ती मला चहा देता देता सांगत होती. तो साहेब कोण, हे तिला माहीत नव्हतं. मी चहा प्यालो.

त्यानंतर काही दिवसांनी वरच्या ऑफिसातून एक फोटो आला. विमानातला नव्हे, उपग्रहावरून घेतलेला. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे वीतभर कागदात मावले होते. पाणी काळं दिसतं, असं सोबतच्या टिपणात होतं. कराडच्या संगमापासून खाली आलेली कृष्णा काळ्या दोऱ्यासारखी दिसत होती. पूर ओसरल्यानंतरचा फोटो होता, नदी आपल्या पात्रात परतली होती. पण सांगलीशेजारी, दोऱ्यापासून सुटलेली, एक नखाएवढी काळी कमान होती. मी काढलेल्या उंचवट्याचा आकार, जसाच्या तसा. माझी रेघ आकाशातून कुणी तपासून परत पाठवल्यासारखी. साहेबांनी फोटो पाहिला, फाईलला लावला. मी तो काढून घेतला आणि आटपाडीची एसटी धरली.

नाना एका कोरड्या ओढ्यात सापडले. विजार वर, चपला हातात. काठावर दहाबारा माणसं उभी होती. इथं कुणी टिंगल करत नव्हतं. एक म्हातारी हात जोडून विचारत होती, "नाना, खरंच येतंय का वो? कवा येतंय?" पलीकडे चढून नानांनी पाय झटकले. म्हातारीनं ती जागा हातानं चाचपली, आणि हात कोरडाच पदराला पुसला.

फोटो हातात घेऊन त्यांनी विचारलं, "जोडी कुठाय?"

"याची जोडी नसते, नाना. एकच. उपग्रहावरनं काढलेला."

त्यांनी फोटो उन्हात तिरका धरला. "सावली न्हाई ह्याला." मग म्हणाले, "बरं झालं. उलटं लावायची भीती न्हाई." त्यांचं नख त्या कमानीवर टेकलं. "म्या वरीसभर हिंडलो ती एवढीच व्हय? नावाड्याचं घर कुठं?"

मी टाचणीनं दाखवलं. टाचणीचं टोक घरापेक्षा मोठं होतं.

"नाना, जोडी उलटी होती. मी सावली बघितली नाही. नंतर कळलं तरी बोललो नाही. साहेबांपुढं खोटं बोललो. आणि त्या म्हाताऱ्याला पाणी येणार नाही म्हणून सांगितलं ते मीच."

"उलटी ठिवली कुनी?"

"तुम्ही घाईत होता. भाऊ..."

"भाऊ मरत हुता. तरी उलटी म्याच ठिवली. त्येचं मी बघतो." त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. "तू तुजं बघ."

मी निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "वस्तीला दुसरी जागा बघत्यात न्हवं? ह्या बारीला रेघ मारून दिऊ नगंस. चालून दे."

त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते गेल्याचं मला वर्षभरानं कळलं.

दुसरी जागा मिळाली तेव्हा मी लेव्हल लावून मोजणी करून घेतली, आकडे तपासले, सावल्या तपासल्या. मग एका सकाळी तिथं गेलो. लोक जमले होते. गोदाक्का पुढं आली.

"साहेब, हितं पानी न्हाई न्हवं यायचं?"

मी चपला हातात घेतल्या. विजार घोट्याच्या वर केली आणि जागेलगतच्या ओढ्याच्या सखल कडेनं चालायला लागलो. पाठीमागं हशा पिकला. "ह्यो बी त्येच्यातलाच निघाला!" कुणीतरी म्हणालं. विजार पोटरीपर्यंत आली, गुडघ्यापर्यंत आली.

"आवं, तोंडानं सांगा की," गोदाक्का हसतच ओरडली. "चालून कशाला दावताय?"

मी थांबलो. मागं वळलो नाही. सकाळचं ऊन पाठीवर होतं, माझी सावली लांबलचक पुढं पडली होती.

"तात्यांना तोंडानंच सांगितलं होतं," मी म्हणालो. "मीच."

हसणं थांबलं. मी पुन्हा चालायला लागलो. आता जमीन हळूहळू चढत होती. थोड्या वेळानं माझ्या सावलीशेजारी दुसरी सावली आली. मी तिरप्या नजरेनं पाहिलं. गोदाक्कानं चपला हातात घेतल्या होत्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं होतं. माझी पावलं जिथं पडत होती तिथंच ती पाय ठेवत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

एका जुन्या बांधापाशी, जिथून वर नवी घरं बसायची होती, मी विजार खाली सोडली. तिनं लुगडं सोडलं. मग त्या कोरड्या मातीत तिनं आधी एक पाय झटकला, मग दुसरा.